तुषारच्या बाटल्या

"वहिनी, बाटली ती बाटली. तिला काय सातबारा असतो का?"

विलासभाऊजी हसत हसत असं म्हणाले आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. त्यांच्या गोडाऊनच्या दारात मी उभी, समोर छतापर्यंत रचलेले क्रेट आणि त्या क्रेटांत आमच्याच रिकाम्या बाटल्या.

"सातबारा नसला तरी नाव आहे की," मी म्हणाले. "काचेतच पाडून घेतलंय, 'तुषार' म्हणून. वाचता येतं ना अजून? का एजन्सी मिळाल्यापासून तेही विसरलात?"

"तुमचं आपलं काहीतरीच असतं वहिनी. बसा, थंड घ्या."

"काही नको मला तुमचं थंड. बाटल्या द्या."

विलासभाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. कॉलेजच्या सुट्टीत आमच्याच कारखान्यात बाटल्यांना पत्र्याच्या झाकणांचे बिल्ले मारायचं काम करायचे, आणि दुपारी माझ्याच हातची भाकरी खायचे. मधल्या काळात त्यांनी खतांचं दुकान करून पाहिलं, ते बसलं. मग चौऱ्याण्णव साली 'फिझोरा' नावाची परदेशी कंपनी सोलापूर जिल्ह्यात आली आणि बार्शीची एजन्सी भाऊजींनी घेतली. घेईनात का! आम्हाला त्याचं काही नव्हतं. त्यांचं ते संत्र्याच्या रंगाचं गोड पाणी, आमचं आलं-लिंबू. ज्याला जे आवडेल ते त्यानं प्यावं. पण आमच्या बाटल्या कशाला?

"स्कीम आहे वहिनी," भाऊजी सांगू लागले. "दुकानदारानं दोन रिकाम्या बाटल्या द्यायच्या, एक भरलेली फिझोरा फुकट घ्यायची. रिकामी कुठल्याही कंपनीची चालते."

"आणि आमच्या बाटलीत तुम्ही काय भरणार? नाव तर आमचं आहे."

"भरत कुठं आहोत? सोलापूरला पाठवून देतो."

"सोलापूरला काय करतात?"

"ते मला काय माहीत? वरून सांगितलंय गोळा करा, मी गोळा करतो. तुम्ही डेपोत जाऊन साहेबांना भेटा. चांगला माणूस आहे. शिकलेला आहे."

ज्यांना सोडावॉटरच्या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांना ह्यात एवढं रडण्यासारखं काय, असं वाटेल. म्हणून सांगते. आमच्या धंद्यात आतल्या पाण्यापेक्षा बाहेरची काच महाग. एक बाटली उन्हाळाभर दहादा जाते, दहादा येते, तेव्हा कुठे चार पैसे सुटतात. नव्या बाटल्या यायच्या फिरोजाबादहून, आणि त्यांची ऑर्डर सहा महिने आधी नोंदवावी लागायची. फाल्गुन नुकता लागलेला, लग्नसराई तोंडावर, आणि कारखान्यात बाटल्या उरल्या होत्या जेमतेम दोन दिवस पुरतील एवढ्या. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांवर आमचं आणि कामावरच्या नऊ माणसांचं वर्ष निघायचं. बाटल्या आल्या नाहीत तर कारखाना बंद, इतका सरळ मामला होता.

आणि दुकानदारांकडून आम्ही अनामत घेत नसू. सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत. बाकी सगळे सोडावाले बाटलीमागे अनामत घ्यायचे, पण मामंजी म्हणायचे, "ज्याच्याकडे माल ठेवतो त्याच्यावर विश्वास नाही म्हणून सांगायचं का?" चाळीस वर्षं बाटल्या आपोआप माघारी येत होत्या. सकाळी टेम्पो जाई, भरलेला क्रेट ठेवी, रिकामा उचली. आता दुकानदारांना विचारलं तर त्यांना आपण काही वावगं केलं असं वाटतच नव्हतं. बस स्टँडसमोरच्या नागनाथ बिडव्यानं तर मलाच समजावलं, "वैनी, कोपऱ्यात पडूनच होत्या की त्या. तुमचा टेम्पो काय चार दिवसांनी येणार. तोवर फुकट बाटली मिळती तर का सोडायची?"

मी पोलीस चौकीतही जाऊन आले. फौजदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अनामत घेतली होती का?"

"नाही."

"पावती?"

"नाही."

"मग बाई, दुकानदारानं खुशीनं दिलं, त्यांनी घेतलं. ह्यात चोरी कुठं आली?"

घरी येऊन मी ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं. विश्वास म्हणे! आमचे हे पाकाच्या पातेल्यापाशी उभे होते. चमच्यावर थेंब घेऊन जिभेला लावायचा, डोळे मिटायचे, आणि आलं वाढवायचं का मीठ ते ठरवायचं. ह्या कामात ह्यांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कोणी नव्हता. बाकी बाबतीत मात्र देवमाणूस.

"येतील गं बाटल्या," हे म्हणाले. "विलास काही परका नाही."

"परका असता तर बरं झालं असतं. निदान वहिनी वहिनी तरी केलं नसतं."

सोलापूरला मी एकटीच गेले. डेपो एमआयडीसीत होता. बाहेर आग ओकणारं ऊन आणि आत पाऊल टाकलं तर अंगावर काटा येईल असा गारवा. साहेबांचं नाव कारखानीस. पुण्याचा, तिशीतला, टाय लावलेला, आणि इतका सभ्य की भांडायला काही धरायलाच मिळेना.

"मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाही हो, बाटल्या."

"हो हो, तेच. पण कसंय, हा माल डिस्ट्रिब्यूटरनं गोळा केलाय. कंपनीचा त्याच्याशी थेट संबंध येत नाही."

"मग तो तुमच्या आवारात कसा आला?"

"आवार आमचं नाहीये. ट्रान्सपोर्टवाल्याचं आहे. आम्ही भाड्यानं घेतलंय."

"बरं. मग त्या ट्रान्सपोर्टवाल्याला सांगते आणि घेऊन जाते."

"तसं नाही करता येणार. माल कंपनीच्या ताब्यात आहे ना."

मी कपाळावर हात मारून घेतला. बार्शीत विचारलं की सोलापूरचं नाव, सोलापुरात विचारलं की बार्शीचं. खिडकीतून मागचं आवार दिसत होतं. उघड्यावर, उन्हात, आमच्या बाटल्या. नुसत्या आमच्याच नाही, पंढरपूरच्या, कुर्डुवाडीच्या, कुठकुठल्या सोडावाल्यांच्या. एका बाजूला काचांचा ढीगही होता. मी त्याच्याकडे बोट केलं.

"फोडता?"

"काही फुटतात मॅडम. हाताळताना फुटतातच."

"साहेब, तुमच्या कंपनीला ह्या बाटल्यांचा काय उपयोग ते एकदा सांगा. मी उठून जाते."

कारखानीसांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "खरं सांगू का? मलाही नक्की माहीत नाही. वरून धोरण आलंय. ह्या तिमाहीत बाजारातली काच कमी करायची."

"वरून म्हणजे कोण?"

"मुंबई."

"त्यांच्या वर?"

"दिल्ली."

"आणि दिल्लीच्या वर?"

"सिंगापूर."

"सिंगापूरच्या वर?"

"तेवढं वर मी कधी गेलो नाही मॅडम," कारखानीस म्हणाले, आणि तेच आधी हसले. मला हसू येत होतं का रडू, ते मलाच कळेना. कुठल्या दूरच्या देशात कोणीतरी बसून ठरवणार की बार्शीत बाटल्या जास्त झाल्यात! त्यानं बार्शी डोळ्यानं पाहिली नसेल, इथल्या उन्हात अर्धा तास उभा राहिला नसेल. त्याला मी शिव्या तरी कुठल्या पत्त्यावर घालायच्या?

"मी वर फॅक्स करतो," कारखानीस म्हणाले. "आठवड्यानं या."

आठवड्यानं गेले. फॅक्स मुंबईला पोचला होता. पुढच्या खेपेला तो दिल्लीला गेला होता. त्याच्या पुढच्या खेपेला संबंधित साहेब रजेवर. प्रत्येक वेळी चहा यायचा, खुर्ची मिळायची, "मॅडम" व्हायचं, आणि रिकाम्या हातानं एसटीत बसून मी परत. इकडे कारखान्यात मशीन बंद. माणसं नुसती बसून. रोज सकाळी वेळेवर यायची बिचारी, मशीन पुसायची, आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मला तर त्यांच्यासमोर जायची लाज वाटायला लागली.

पाडवा झाला आणि माझा पेशन्स संपला. सोलापूरला गेले आणि डेपोच्या फाटकातल्या पायरीवर मांडी ठोकून बसले. ट्रक आत जाईना, बाहेर येईना.

"मॅडम, आत येऊन बसा. बाहेर ऊन आहे."

"माझ्या बाटल्या उन्हात आहेत, मीपण उन्हातच बसते. आज बाटल्या मिळाल्याशिवाय हलायची नाही. उचलून टाकायचं तर टाका, उद्या पेपरात फोटो येऊ द्या."

कारखानीस आत गेले. बराच वेळ फोनवर बोलत होते. मला वाटलं, आता पोलीस बोलावतात. बाहेर आले ते हसतच.

"अभिनंदन मॅडम. मंजुरी आली. तुमच्या सगळ्या बाटल्या घेऊन जा. एक पैसा द्यायचा नाही. शिवाय आमचा ट्रक आजच बार्शीला निघालाय, त्यात जागा आहे. घरपोच देतो."

माझा विश्वासच बसेना. "सिंगापूरनं परवानगी दिली?"

"दिली. स्थानिक उद्योगांना बरोबर घेऊन जायचं, असंच आमच्या कंपनीचं धोरण आहे."

काल काच कमी करायचं धोरण, आज बरोबर घ्यायचं धोरण. म्हटलं, असेल बाबा. पायरीवर बसल्यामुळे वळले असतील. मी ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसून बार्शीला आले, ताठ मानेनं. ट्रकच्या पुढच्या अर्ध्या भागात कंपनीची मोठमोठी पुठ्ठ्याची खोकी होती, मागच्या अर्ध्यात आमच्या बाटल्या. आधी आमच्या कारखान्यात ट्रक थांबला. आमची माणसं धावत आली. मग ड्रायव्हर म्हणाला, खोकी विलासरावांच्या गोडाऊनला उतरवायची आहेत, पण हमाल मिळेना. आमचीच दोन माणसं त्याच्याबरोबर पाठवली. आनंदात कोण नाही म्हणतं?

त्या संध्याकाळी मी मशीनला हळदकुंकू वाहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. हे पाक करायला बसले. आठ दिवसांची दाढी वाढलेली, ती करून, धुतलेला शर्ट घालून. विलासभाऊजी दारावरून चालले होते, त्यांनाही मी हाक मारून पेढा दिला.

"पाहिलंत? आणल्या की नाही?"

भाऊजींनी पेढा हातातच धरून ठेवला. "आणल्यात खऱ्या," ते म्हणाले. "पण वहिनी, एवढी धावाधाव कशाला केलीत? मला विचारायचं तरी."

"तुम्हालाच पहिल्यांदा विचारलं होतं. तेव्हा सातबारा काढत होतात."

ते पेढा न खाताच निघून गेले. जळतायत, म्हटलं. जळू देत.

तिसऱ्या दिवशी टेम्पो भरला. हे चालवायला, मी शेजारी. एरवी मी फेरीला जात नसे, पण त्या दिवशी मला सगळ्या दुकानदारांची तोंडं बघायची होती. पहिला थांबा नागनाथचा. दुपार व्हायच्या आतच ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

"नागनाथ, काढ रिकामा क्रेट," मी टेम्पोतूनच ओरडले. "तुषार आलाय!"

नागनाथ बाहेर आला तो हात पुसत. चेहरा पडलेला. "वैनी... ठेवायचं कुठं?"

"म्हणजे? नेहमीच्या जागी."

नेहमीच्या जागी त्याची बर्फाची पेटी असायची. पत्र्याची, आतून भुसा भरलेली. सकाळी मुलाणींच्या बर्फ कारखान्यातून लादी यायची, ती फोडून पेटीत घालायची, त्यात सगळ्यांच्या बाटल्या. आमच्या, त्यांच्या, कोणाच्याही. आता तिथे माणसाच्या उंचीचा काचेच्या दाराचा फ्रिज उभा होता. आत दिवा. वरपासून खालपर्यंत नुसत्या फिझोराच्या बाटल्या. आणि बाजूला त्याचं पुठ्ठ्याचं खोकं उलगडून नागनाथनं ग्राहकांना बसायला अंथरलं होतं. खोकं बघितल्याबरोबर मी ओळखलं.

"हा कधी आला?"

"परवा. विलासरावांनी बसवून दिला. फुकट. गोडाऊनला उतरवायला तुमचीच माणसं होती म्हणे."

"बरं, आला तर आला. त्यातच ठेव आमच्या. एवढी जागा आहे."

"नाही चालत वैनी. कंपनीची अट आहे. दुसऱ्याची बाटली आत दिसली की फ्रिज उचलून नेतात. अचानक येतात तपासायला."

"मग पेटी काढ."

"पेटी भंगारात घातली."

"दुसरी आण! बर्फ मी देते आणून."

"कुठनं देताय? मुलाणींनी पाडव्यापासून कारखाना बंद केला. सगळ्या दुकानांत फ्रिज आल्यावर लादी घेतंय कोण? आता सोलापूरशिवाय बर्फ नाही."

"सगळ्या दुकानांत?"

"मार्केट यार्ड झालं, कोर्टाजवळची झाली, पार भगवंताच्या देवळापर्यंत झाली. महिनाभर चालू होतं की. आमच्या स्टँडवरचेच तेवढे राहिले होते शेवटी. तुम्ही सोलापूरला जात होता ना, तेव्हा रोज चार-पाच बसायचे."

बाटल्या नाहीत म्हणून टेम्पो महिनाभर बंद, आमच्यातलं कोणी फेरीला गेलंच नव्हतं. महिनाभर मी बाटल्या, बाटल्या करत डेपोच्या पायऱ्या झिजवल्या. चहा प्याले. फॅक्स मुंबईला गेला, दिल्लीला गेला. आणि शेवटचे फ्रिज ज्या दिवशी ट्रकमध्ये चढले, त्याच दिवशी बाटल्या माझ्या पदरात टाकल्या. एक पैसा न घेता. घरपोच.

मग मात्र माझा तोल गेला. मी क्रेट ओढला, फ्रिजचं दार उघडलं, त्यांच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि आमच्या कोंबायला लागले. "बघते कोण काढतं ते! चाळीस वर्षं तुला माल घातला, तुझ्या बापाला घातला! दिवाळीला, संक्रांतीला कधी पैशाला तगादा लावला नाही! आणि आता अट सांगतोस?"

नागनाथ भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात जोडले. मी एक बाटली ठेवली की तो ती अलगद काढून बाहेर काउंटरवर ठेवायचा. मी दुसरी ठेवायची, तो दुसरी काढायचा. "वैनी, पाया पडतो. पोरीचं लग्न काढलंय. ह्या फ्रिजवर धंदा दुप्पट झालाय माझा. वैनी, नका ना."

लोक जमले. बसमधून उतरलेला एक पागोटेवाला बाबा मध्ये आला. मी काउंटरवरची एक तुषार उघडून त्याच्या हातात दिली. "प्या बाबा. पैसे नकोत. पिऊन सांगा ह्यांना, कुठली चांगली ते."

बाबांनी बाटली हातात घेतली, गालाला लावून पाहिली, आणि परत काउंटरवर ठेवली. "चांगलीच असंल बाई," ते म्हणाले. "पर कोमट हाय." आणि फ्रिजमधली दुसरी मागितली.

त्यानंतर मला एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, उन्हात आरडाओरडा केलेला. नागनाथनं धरून मला त्या पुठ्ठ्यावर बसवलं. कोणीतरी तोंडावर पाणी मारलं, कोणीतरी वारा घालत होतं. हातात काहीतरी गार आलं, ते मी तोंडाला लावलं. गटागटा प्याले. घशातून खाली उतरताना इतकं बरं वाटत होतं की डोळे मिटले. उघडले तेव्हा अर्धी बाटली संपली होती आणि आतलं पाणी संत्र्याच्या रंगाचं होतं.

थांबायला हवं होतं. नाही थांबले. संपवली.

आमचे हे टेम्पोतून उतरून माझ्यासमोर येऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. धुतलेला शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. मागे टेम्पोत चाळीस क्रेट तापत होते.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

मी खूप शोधलं. निदान जास्त गोड आहे, नुसता रंग आहे, आल्याचा पत्ता नाही, काहीतरी. पण ह्यांच्याशी चवीबद्दल खोटं बोलायची सोयच नव्हती.

"गार आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. काउंटरवर रांगेनं मांडलेल्या आपल्या बाटल्यांवरून एकदा हात फिरवला, मग खिशातून पैसे काढून नागनाथपुढे धरले.

"मलाही एक दे," हे म्हणाले. "गार बघून दे."